काळ्या मातीतला जांभळा गुलाब : 'रॅप्सडी इन ब्लू'चा आमच्या अंगणातला अनुभव

संत्रापट्टा · १२ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी संत्र्याची बाग आहे आणि अंगणात माझे गुलाब. या मंचावरचे गुलाबाचे जुने धागे मी सगळे वाचले आहेत, पण लिहिणारे बहुतेक पुण्या-नाशिककडचे. मे महिन्यात ४५-४६ अंश तापणाऱ्या गावात, भेगाळणाऱ्या काळ्या मातीत झुडपी गुलाब कसा जगवायचा हे फारसं कुठे सापडलं नाही. तीन वर्षं धडपडून जे हाती लागलं ते मांडते. काही प्रश्नही आहेत, ते शेवटी.

वाणाचं नाव 'रॅप्सडी इन ब्लू'. इंग्लंडमधल्या फ्रँक काउलिशॉ या हौशी माणसाने तो तयार केला आणि २००३ साली तो तिकडे 'रोझ ऑफ द इयर' ठरला. टोकदार कळी, लांब दांडा, असा फुलदाणीतला गुलाब डोळ्यांसमोर आणू नका. हे चार-पाच फुटांचं झुडूप आहे. फुलं झुबक्यांनी येतात, पाकळ्या मोजक्या, मधे सोन्यासारखे पिवळे केसर आणि त्यांच्याभोवती पांढरट डोळा. उमलतं तेव्हा रंग पिकल्या जांभळाचा असतो, ज्याने जीभ रंगते तो. दुसऱ्या दिवशी तेच फूल शाळेच्या जुन्या पाटीसारखं निळसर राखाडी होतं. एकाच झुबक्यात ताजं जांभळं आणि कालचं पाटीच्या रंगाचं शेजारी शेजारी असतात. ते बघण्यासाठी मी सकाळी चहा घेऊन झाडापाशीच उभी राहते.

तीन रोपं कुरिअरने मागवली होती. नर्सरीने फेब्रुवारीत पाठवतो म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवली. खोकं उघडलं तर पानं उकडलेल्या भाजीसारखी झालेली. फोन केले, फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. तरी लावली.

पहिलं रोप पुढच्या अंगणात, पश्चिमेला लावलं. ते नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, गेलं. शेंड्याकडून काळं पडायला सुरुवात झाली आणि आठ दिवसांत बुडापर्यंत आलं. दुसरं तुळशीवृंदावनाजवळ, साध्या खड्ड्यात. ते जगलं, पण कायम आजारी माणसासारखं पिवळट. तिसरं गोठ्याच्या पूर्वेच्या भिंतीशी, संत्र्याला करतो तसा बोद, म्हणजे मातीचा उंच वरंबा, करून त्यावर. तिथे सकाळपासून साडेबारापर्यंत ऊन मिळतं, मग भिंतीची सावली. बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) चार बोटं जाड थर दिला. तेवढं एक नीट टिकलं आणि त्याच डिसेंबरात फुललं.

खरी गोष्ट पुढची आहे. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांमध्ये उमेदीची सगळी वर्षं संत्र्याच्या कलमा बांधत होते. जंभेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या झाडावर, हव्या त्या वाणाचा डोळा भरायचा हेच काम. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण हात तसाच आहे. मागच्या जानेवारीत मी सहज म्हटलं, या जांभळ्याचा डोळा आपल्या विहिरीजवळच्या गावठी गुलाबावर भरता येईल का? ते म्हणाले, "संत्र्याची साल सुटते तशी याची सुटली तं काहून नाई?"

दोन दिवस आधी त्यांनी गावठी गुलाबाला भरपूर पाणी द्यायला लावलं. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडली. काटे चाकूने न काढता अंगठ्याने आडवे ढकलून मोडले. सालीवर आडवा-उभा काप घेतला आणि चाकूच्या मागच्या टोकाने साल उचलली, तर ती आतून ओली, चकचकीत सुटून आली. मग जांभळ्याच्या फुलून गेलेल्या फांदीवरचा फुगीर डोळा सालीसकट ढालीसारखा कापला. पान छाटून टाकलं, पण देठ अर्धा इंच तसाच ठेवला. डोळ्यामागची लाकडाची कपची नखाने अलगद उडवली, ढाल सालीखाली सरकवली, आणि डोळा उघडा ठेवून वरून-खालून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. पूर्ण कामाला दोन मिनिटंही लागली नसतील. तो देठ कशाला ठेवला विचारलं तर म्हणाले, "वीस दिवसांनी त्याले बोट लाव. गळून पडला तं डोळा लागला. काळा पडून चिकटून राहिला तं गेला."

सात डोळे भरले होते. विसाव्या दिवशी पाच देठ बोट लागताच गळून पडले. त्या पाचातली तीन झाडं आज मूळ झाडापेक्षा उंच आहेत, पानं गर्द हिरवी, आणि मे महिना त्यांनी वर शेडनेट आणि बाकी नुसतं पाणी एवढ्यावर काढला.

आता माझे प्रश्न.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून निम्मी पानं गळली. यावर काय करावं, आणि छाटणी कधी, किती करावी? तुळशीजवळच्या पिवळ्या झाडाचं काय करू? आणि मेमध्ये आलेली चार फुलं राख कालवल्यासारखी फिकट गुलाबी होती, जांभळेपणा नावालाही नव्हता. रंग जातो कुठे?

पऱ्हाटी · १२ सप्टेंबर

ताई, लय मनापासून लिहलं. मी अकोल्याकडचा कास्तकार. मामाजीले माझा नमस्कार सांगा. असा हात आता भेटत नाई.

तुमच्या पिवळ्या झाडाचं सांगतो. नवं पान पाहा. पान पिवळं अन् शिरा हिरव्या असतीन तं त्याले लोह भेटून नाई राहिलं. तुमच्या संत्र्यावर बी असंच दिसते, तुम्ही पाह्यलंच असन. मातीत लोह हाय, पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी हाय, सामू (पीएच) आठाच्या वर जाते, मंग थे लोह मुळीले घेता येत नाई. हिराकस, म्हंजे लोहाचं साधं खत, जमिनीत टाकला तं दोन दिवसांत त्याची माती होऊन जाते. चिलेटेड लोह घ्या, पण डब्यावर ईडीडीएचए लिहलं असन थेच घ्या. ईडीटीए वालं चुनखडीच्या जमिनीत टिकत नाई. पाण्यात टाकलं का लालभडक होते, थे बुडाशी द्या. अन् बोअरचं पाणी देत असान तं बंद करा, पावसाचं नाईतं विहिरीचं द्या.

पण ताई, हा झाला इलाज. झाड उचलून बोदावर घेतल्याशिवाय खरं काम होणार नाई. सपाट खड्ड्यात आपल्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, मुळ्या गुदमरते, अन् उन्हाळ्यात भेगा पडल्या का बारीक मुळ्या तुटते.

ताडोबाच्या_वाटेवर · १३ सप्टेंबर

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितोय. वाचून अंगावर काटा आला, कारण मी हाच गुलाब दोन वर्षांपूर्वी लावला होता. पहिल्या हिवाळ्यात जांभळी फुलं आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाड वाळल्यासारखं झालं, पण पावसाळ्यात बुडातून जोरात फुटलं, आठ-आठ फुटांचे फोक गेले. मी खूश झालो. यंदा फेब्रुवारीत त्याला फुलं आली ती बोराएवढी, पांढरी, घोसाने. वास आहे थोडासा. आईला ती आवडतात, ती म्हणते राहू दे. पण माझा जांभळा गुलाब कुठे गेला हे मला अजून कळलेलं नाही.

जुनी_बाग · १३ सप्टेंबर

@ताडोबाच्या_वाटेवर, तुमचा जांभळा गुलाब गेला. जे वाढलंय तो त्याचा खुंट आहे. खात्री करायची असेल तर पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे बघा. देठाच्या दोन्ही अंगांना झालरीसारखी, बारीक केस काढल्यासारखी किनार दिसली तर तो मल्टिफ्लोरा, खुंटासाठी वापरतात तो रानगुलाब. बागेतल्या बाकी बहुतेक गुलाबांत ती किनार साधी, सरळ असते.

(मी मूळची यवतमाळची, आता पुण्यात. ३० वर्षं गुलाब वाढवतेय.)

मल्टिफ्लोरावर कलम सहज लागतं आणि रोप लवकर विक्रीला तयार होतं, म्हणून नर्सऱ्या तो खुंट वापरतात. पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत त्याला लोह नीट घेता येत नाही. संत्रापट्टाताईंचं तुळशीजवळचं पिवळं झाड आणि तुमचं नाहीसं झालेलं झाड, दोन्हींमागे हेच कारण दिसतं. मामाजींनी गावठी खुंटावर डोळा भरला ही या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. जो गुलाब त्याच मातीत, त्याच उन्हात विहिरीकाठी वर्षानुवर्षं उभा आहे, त्याच्या मुळ्यांना वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आता ताईंच्या छाटणीविषयी. विदर्भात पाऊस थांबल्यावर, कोजागिरीच्या आसपास करा. हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्याच्या फुलदाणीतल्या गुलाबासारखी गुडघ्यापर्यंत कापू नका. हे झुडूप आहे, वरचा फक्त एक तृतीयांश भाग घ्या, आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळातून काढा. ऑक्टोबरचं ऊन तिकडे कडक असतं. एकदम उघड्या पडलेल्या खोडाची साल भाजते आणि तिथून शेंडामर सुरू होते. प्रत्येक काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा. कापाला काय लावायचं हे संत्र्यावाल्यांना मी सांगायला नको.

संत्रापट्टा · १३ सप्टेंबर

बोर्डो मलम! डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, आम्ही वर्षातून दोनदा झाडांच्या खोडांना लावतोच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. गुलाबाच्या कापाला लावायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिलं झाड तसंच गेलं असणार, लावताना मी सुकलेले शेंडे कापले होते आणि काप उघडे ठेवले होते.

आत्ताच कंदील, म्हणजे टॉर्च, घेऊन तुळशीजवळच्या झाडाचा देठ बघून आले. बुडातून आलेल्या एका फुटव्याला झालर आहे. वरच्या फांद्यांना नाही. म्हणजे खुंट मल्टिफ्लोराच. तो फुटवा उद्या काढते.

जुनी_बाग · १३ सप्टेंबर

कात्रीने कापू नका. माती उकरून जिथून निघालाय तिथपर्यंत जा आणि खाली ओढून उपटून काढा. कापलात तर एकाचे चार होतील.

मोगऱ्याचा_वेल · १५ सप्टेंबर

मी बुलढाणा जिल्ह्यातली. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या गावात एप्रिलपासून टँकर येतो. बायका दोन-दोन तास रांगेत असतात. अशा ठिकाणी विलायतेच्या झुडपासाठी पाणी, शेडनेट, चिलेटेड लोह, हे सगळं करावं का? गावठी गुलाब आहेच की. त्याला काही लागत नाही, वासाला त्याच्या तोडीचा दुसरा नाही, गुलकंदही होतो. परक्या झाडाच्या मागे लागून आपण घरचं विसरतो असं मला वाटतं.

संत्रापट्टा · १५ सप्टेंबर

ताई, राग कसला? टँकरची रांग मी माहेरी पाहिली आहे, डोक्यावरून पाणी आणलं आहे.

मी पाणी मोजलं आहे ते सांगते. पहिल्या उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाआड ८ लिटर जात होतं. बोद केला, कुटार टाकलं, दुपारची सावली मिळाली, तेव्हा ते ५ लिटरवर आलं. ते पाणीही तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, एका बादलीत जमवलेलं. गावठी खुंटावरच्या झाडांना तर मेमध्ये तिसऱ्या दिवशी दिलं तरी चाललं. ज्या गावात प्यायलाच पाणी नाही तिथे मीही लावणार नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण गावठी विसरण्याबद्दल सांगू? विहिरीजवळचा तो गुलाब मी दहा वर्षं नुसता येता-जाता पाहत होते. दरवर्षी कुणीतरी त्याला कुऱ्हाड लावायचं, दरवर्षी तो फुटायचा. या जांभळ्यासाठी खुंट हवा झाला तेव्हा मी त्याच्या २० काड्या लावल्या. पाचांवर आता जांभळा आहे, बाकीचे गावठीच कुंपणाला वाढतायत. यंदा सासूबाईंनी दोन बरण्या गुलकंद केला, गावठीचाच. जांभळ्याच्या पाकळ्या गुलकंदाला घेत नाही, त्यावर फवारणी होते.

मोगऱ्याचा_वेल · १६ सप्टेंबर

हे वाचून बरं वाटलं. गावठीच्या चार काड्या मला हव्या आहेत. आमच्याकडचा गावठी रस्ता रुंद करताना गेला.

प्रयोगवही · १७ सप्टेंबर

वर्ध्याजवळ कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. रंगाचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

गोकर्णीच्या निळ्या फुलात जे रंगद्रव्य असतं ते डेल्फिनिडिन गटातलं. गुलाबाच्या पाकळीत ते तयारच होत नाही, कारण ते बनवायला लागणारं विकर (एन्झाइम) गुलाबाकडे नाही. म्हणून नुसत्या संकराने आजवर निळा गुलाब झालेला नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनबरोबर पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं, २००४ मध्ये जाहीर केलं, आणि २००९ पासून 'अप्लॉज' नावाने ती फुलं जपानमध्ये विकली. तीसुद्धा डोळ्यांना फिकट जांभळीच दिसतात, कारण गुलाबाच्या पाकळीतला रस आंबट असतो आणि आंबट रसात ही द्रव्यं लालसर बाजूला झुकतात.

मग रॅप्सडीचा जांभळा येतो कुठून? लाल गुलाबात असतं तेच सायनिडिन, पण पाकळीतल्या इतर रंगहीन द्रव्यांच्या जोडीने त्याची छटा निळसर होते. फूल जुनं होताना पाकळीतला आंबटपणा कमी होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या पाटीचा रंग. गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, सोडा टाकला की हिरवट. घरी करून बघा, मुलांना दाखवा. तत्त्व तेच.

मेमध्ये रंग जातो याचं कारण असं की उष्णतेत ही द्रव्यं कमी बनतात आणि बनलेली कडक उन्हात लवकर मोडतात. थंडीत उलट. म्हणून या गुलाबाची परीक्षा आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच घ्यायची. उन्हाळ्यातल्या कळ्या मी तर खुडूनच टाकेन, झाडाला फुलांचं ओझं कशाला.

संत्रापट्टा · १७ सप्टेंबर

मॅडम, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने लगेच गोकर्णी आणली. तीन वाट्या ओट्यावर अजून मांडून ठेवल्या आहेत.

पऱ्हाटी · १८ सप्टेंबर

काळ्या ठिपक्यांचं राहूनच गेलं होतं. थे बुरशी हाय. पान रातभर ओलं राहिलं का पसरते. गळलेली पानं झाडाखाली राहू देऊ नका, येचून जाळा. पाणी बुडाशी द्या, पानावर नाई. दमट हवा असतानी मॅन्कोझेब लिटरला दोन-अडीच ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा.

अन् उन्हाळ्यात उलटं. तवा लाल कोळी येते, पानाखाली बारीक जाळी, पान तपकिरी होते. तवा सकाळच्या पारी पाइपाने पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. गंधक मारू नका हां. पारा ३२-३५ च्या वर असला का गंधकाने पान जळते. माह्या एका भावाने एप्रिलात मारलं, पूर्ण झाड करपलं.

जुनी_बाग · १९ सप्टेंबर

काही जणांनी मला निरोप पाठवून दुसरे जांभळे, वासाचे वाण विचारलेत, म्हणून इथेच लिहिते.

'एंजल फेस' अजून नर्सऱ्यांत मिळतो. बुटका आहे, पाकळ्यांना लाटा आहेत, वास लिंबाकडे झुकणारा आणि भरपूर. विदर्भात दुपारची सावली लागेलच. 'ब्लू मून' जर्मनीच्या तांताऊंचा, वास अप्रतिम, पण तो हायब्रीड टी आहे, झुडूप नाही, आणि रंगाने फिकट. आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'नीलांबरी' मिळाला तर जरूर घ्या. या संस्थेने आपल्या हवेसाठी पुष्कळ गुलाब तयार केले. गव्हावर काम केलेले बी. पी. पाल गुलाबांचेही मोठे पैदासकार होते, आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले.

'रेन दे व्हायोलेत' १८६० चा, फ्रान्सचा. जवळजवळ बिनकाट्याचा, वास जुन्या गुलाबाचा. मी पुण्यात वाढवला, तिकडे कुणी केला असेल तर वाचायला आवडेल.

दोन वाणांवर मात्र पैसे घालू नका. 'कार्डिनल द रिशल्यू'चे फोटो बघून जीव जातो, पण तो गॅलिका आहे, वर्षातून एकदाच फुलतो आणि त्यासाठी त्याला आपल्याकडे न पडणारी थंडी लागते. दुसरा 'रोझरी द ले', १९०१ चा रुगोसा. वासाने वेड लागेल, पण रुगोसा वर्गाला चुनखडी सोसत नाही. काळ्या मातीत तो वर्षभरात पिवळा पडेल.

रॅप्सडीच्या वासाबद्दल ताई, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला तो कधी भरपूर येतो, कधी अजिबात नाही.

संत्रापट्टा · २० सप्टेंबर

खरं आहे. वासाबद्दल हिवाळ्यात पुन्हा हुंगून, नीट लिहीन. आठवणीवरून लिहायला नको.

संत्रापट्टा · ३० ऑक्टोबर

कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी छाटणी केली. फक्त वरचा एक तृतीयांश. मामाजी बाजेवर बसून सांगत होते, मी कापत होते. सगळ्या कापांना बोर्डो मलम लावलं, त्यामुळे झाड सध्या निळ्या टोप्या घातल्यासारखं दिसतंय. तुळशीजवळचं पिवळं झाड मातीच्या गोळ्यासकट उचलून बोदावर घेतलं. त्याला ईडीडीएचए दिलं, पऱ्हाटीभाऊ, पाणी खरंच रक्तासारखं लाल झालं. सासूबाई दचकल्या.

पऱ्हाटी · ३० ऑक्टोबर

उचललेलं झाड पंधरा दिवस सावलीत ठेवा. गोणपाट बांधा वरून.

संत्रापट्टा · १८ डिसेंबर

फुललं.

छाटणीपासून ४६ व्या दिवशी पहिली कळी उघडली. आज मूळ झाडावर ११ झुबके आहेत, गावठी खुंटावरच्या तिघांवर मिळून ३०च्या वर. पिवळं झाड हिरवं झालं आहे, फूल नाही, पण नवीन पानांच्या शिरा वेगळ्या दिसत नाहीत.

आता वास. आठ दिवस रोज तीन वेळा हुंगलं. पहाटे दव असताना जवळजवळ काही नाही. सकाळी साडेसात ते साडेनऊ, ऊन पाकळीवर येऊन दव सुकतं तेव्हा सगळ्यात जास्त. दुपारी दोननंतर गेलेला. आणि फक्त पहिल्या दिवसाच्या फुलाला, पाटीच्या रंगाचं झालं की वास संपतो. जुनी_बागताई, तुम्हाला कधी येतो कधी नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

हा वास गावठीसारखा नाही. गावठीचा वास गोड, गुलाबपाण्याचा, लांबून येतो. याला नाक पाकळीत घालावं लागतं. आधी लवंग फोडल्यासारखा तिखट, त्यामागून पिकल्या फळाचा. सासूबाईंना डोळे मिटून हुंगायला दिलं. त्या म्हणाल्या, "विड्याचा वास येते." मला ते तंतोतंत पटलं. लवंग टोचलेला विडा.

मधमाश्या इतक्या येतात की सकाळी झाड गुणगुणतं. केसर उघडे आहेत ना, भरगच्च गुलाबांवर त्या अशा बसत नाहीत.

ताडोबाच्या_वाटेवर · १९ डिसेंबर

ताई, फोटोतला रंग बघून राहवत नाही. झालर बघितली होती, जुनी_बागताईंचं खरं निघालं. पांढरा आईसाठी ठेवलाय. आमच्या शेताच्या बांधावर गावठी गुलाब आहे, गुलाबीच, घोसाचा. त्यावर जांभळ्याचा डोळा भरायचा आहे. डोळ्याच्या काड्या मिळतील का? मी स्वतः येऊन नेईन, आणि मामाजींचा हात एकदा बघायचा आहे.

संत्रापट्टा · १९ डिसेंबर

या ना. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात या, तोवर या बहराच्या फांद्या फुलून जातील आणि डोळे फुगलेले असतील. मामाजींना सांगितलं आहे. ते म्हणाले, येताना त्याचा स्वतःचा चाकू आणायला सांग, दुसऱ्याच्या चाकूने हात बसत नाही. मोगऱ्याचा_वेल ताईंसाठी गावठीच्या काड्याही बांधून ठेवते.

ताडोबाच्या_वाटेवर · १२ जानेवारी

काल जाऊन आलो. मामाजींनी मला आधी जंभेरीच्या काडीवर पाच वेळा काप घ्यायला लावला. सहाव्यांदा साल फाटली नाही तेव्हा गुलाब हातात दिला. जेवायला वांग्याची भाजी आणि भाकर होती. निघताना काड्या ओल्या गोणपाटात, वरून केळीचं पान, असं बांधून दिलं. रात्री अकराला घरी पोचलो, आज सकाळी सात डोळे भरले. दोन ठिकाणी माझ्याकडून साल चिरली.

संत्रापट्टा · १२ जानेवारी

बोट लावायची घाई करू नका. वीस दिवस.

ताडोबाच्या_वाटेवर · १ फेब्रुवारी

आज सकाळी बोट लावलं. सातपैकी चार देठ गळले.

संत्रापट्टा · १ फेब्रुवारी

मामाजींना वाचून दाखवलं. ते म्हणतात, पट्टी अजून सोडू नका. डोळा हरभऱ्याएवढा फुगला की मगच त्याच्या वरचा खुंट चार बोटं ठेवून कापा, आणि कापाला मलम लावा.